आंदण दिलेली कुंडी

तुम्ही चकली मोडत हा अंक चाळत असाल, त्या आठवड्यात आमच्या खात्यातल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीचा कचरा हा वर्षातला सगळ्यात जड कचरा. आधी घरं साफ होतात, म्हणजे माळ्यावरची फुटकी बादली आणि कापूस बाहेर आलेली उशी रस्त्यावर येते. मग फटाक्यांचे कागद, मिठाईचे खोके, आणि भाऊबीज उरकली की खवट झालेला फराळ. डोंबिवलीत मी पालिकेचा स्वच्छता निरीक्षक होतो. पाडव्याच्या दिवशी बायकोला मला ओवाळायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागे, आणि तेही आधी आंघोळ करून या, या अटीवर.

मी मूळचा ठाण्याच्या कोळीवाड्यातला, तांडेल. आय बाजारात म्हावरं विकायची. त्यामुळे वासाचं मला कधी फार वाटलं नाही. मुलाखतीला साहेबांनी विचारलं होतं, घाणीत उभं राहावं लागेल, जमेल का? मी म्हटलं, साहेब, आमच्या दारात सुकट वाळत असते. ते हसले आणि मी नोकरीला लागलो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

स्वच्छता निरीक्षक म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सकाळी हजेरी चौकीवर झाडूवाल्यांची हजेरी घ्यायची, मुकादमाबरोबर गल्ल्या फिरायच्या, लॉरी वेळेवर निघाली का पाहायचं, मेलेलं कुत्रं उचलवायचं, तुंबलेलं गटार मोकळं करवायचं. उरलेला दिवस तक्रारींचा. आमच्या कामाला कुणी चांगलं म्हणत नाही, फार तर तक्रार करत नाही. ज्या दिवशी तक्रार नाही तो दिवस चांगला, हे मी पहिल्याच महिन्यात शिकलो आणि पुष्कळ वर्षं खरं मानलं.

तेव्हा दारोदार कचरा घ्यायला गाडी येत नसे. गल्लीच्या कोपऱ्यावर सिमेंटची गोल कुंडी असायची, कमरेइतकी उंच, वरून उघडी. लोक येता-जाता तिच्यात कचरा टाकायचे, निम्मा आत आणि निम्मा बाहेर. लॉरी आली की माणसं फावड्याने तो पाट्यांत भरून वर फेकायची. आणि लॉरी येण्याआधी बायका यायच्या. पाठीवर गोणी, हातात लोखंडी आकडा. कागद, पत्रा, काच, बाटल्या, दुधाच्या पिशव्या निवडून त्या शीळफाट्याच्या भंगारवाल्याला विकायच्या. बहुतेक जणी जालना-परभणीकडच्या, दुष्काळात आलेल्या. पालिकेच्या लेखी त्या नव्हत्याच. इमारतीतल्या लोकांच्या लेखी त्या होत्या, पण चोर म्हणून. दांडीवरचा टॉवेल वाऱ्याने उडाला तरी संशय त्यांच्यावर यायचा.

माझी आणि कडूबाईची ओळख एका तक्रारीमुळेच झाली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका सोसायटीचे सेक्रेटरी, सोमण, चौकीवर आले. बँकेतले गृहस्थ, सुट्टीच्या दिवशीही शर्ट खोचलेला. खुर्ची जवळ ओढून ते हळू आवाजात म्हणाले, आमच्या गेटसमोर कुणीतरी करणी केली आहे. कुंडीला हळद-कुंकू लावलंय, वर झेंडू आणि खाली नारळ. स्वतः सोमणांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी अंथरूण धरलं होतं.

मी गेलो. कुंडी खरंच सजली होती. आदल्या दिवशी कुणीतरी तिच्याभोवतालची जमीनही झाडून घेतलेली. शेजारी साधारण माझ्या आयच्या वयाची एक बाई आकड्याने खोके ओढत होती. मी दरडावूनच विचारलं, ही करणी कुणाची?

ती म्हणाली, "करणी कशाची, साहेब? लक्ष्मीपूजन नाय का? वाण्यानं तराजू पुजला, म्या कुंडी पुजली."

"कुंडी पालिकेची आहे, बाई."

"सिमेंट पालिकेचं असंल," ती आकडा न थांबवता म्हणाली. "कुंडी माही हाय."

मला हसू आलं. चौकीवर परत येऊन सोमणांना सांगितलं, करणी वगैरे काही नाही, पूजा आहे. त्यांना ते करणीपेक्षाही चमत्कारिक वाटलं. पण नारळ करणीचा नाही, भिण्याचं कारण नाही, एवढं कळल्यावर ते निघून गेले.

पुढे कडूबाईकडूनच मला सगळं कळत गेलं. माझ्या भागातल्या प्रत्येक कुंडीला एकेक मालकीण होती. कडूबाईची कुंडी तिला तिच्या मावशीने दिलेली. मावशी गावी परत गेली तेव्हा कुंडी कडूबाईच्या ओटीत घालून गेली. कुणाच्या मुलीचं लग्न झालं आणि जावई जवळपासचा असला, की आई तिला आपली कुंडी आंदण द्यायची. आजारी पडलेल्या बाईच्या कुंडीला दुसरी हात लावत नसे, लावलाच तर निघालेलं भंगार तिच्या घरी पोचवत असे. स्टेशनच्या बाजूच्या कुंड्या श्रीमंत, कारण तिकडे हॉटेलं. ती बाजू गयाबाईची. कडूबाईचं आणि गयाबाईचं नळावरून जन्माचं वाकडं, दोघी एकमेकींचं तोंड पाहत नसत. पण कुंडीच्या बाबतीत कुणी ब्र काढायचा नाही.

लोकांना याचं नवल वाटतं, मला वाटलं नाही. आयची बाजारातली जागा तिच्या सासूची होती. शेजारची बाई बाळंत झाली की तिची जागा महिना महिना रिकामी राहायची. एकदा लहानपणी मी आयला विचारलं होतं, तिकडे गिऱ्हाईक जास्त येतं तर तू तिकडे का बसत नाहीस? आय म्हणाली, "ती आली नाय म्हनून मी तिचे जाग्यावर बसू? उद्या ती येल ना." एवढंच. पुढे काही समजावून सांगावं असं तिला वाटलं नाही.

या कुंडी-मालकीचा फायदा पांढरपेशा वस्तीलाही व्हायचा, हे सांगितलं पाहिजे. एकदा हेच सोमण पुन्हा धावतपळत आले. त्यांच्या वडिलांनी जेवताना कवळी काढून कागदावर ठेवली होती आणि सूनबाईंनी कागद गुंडाळून फेकला. म्हातारे गृहस्थ घरात बसून भात चोखत होते. आम्ही कुंडीपाशी गेलो, तर कडूबाईने कवळी दुधाच्या पिशवीत घालून कठड्याला टांगून ठेवलेली. कुणीतरी येईलच, म्हणाली. सोमणांनी ती पिशवी दोन बोटांत धरली, पण बाईला हात जोडून नमस्कार केला. त्यानंतर टॉवेल उडाला तर त्या सोसायटीत कडूबाईचं नाव कुणी घेतलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. कडूबाईला दिसेनासं व्हायला लागलं. काच आहे की प्लास्टिक ते हाताने चाचपून ओळखायची आणि बोटं कापून घ्यायची. तिची एकुलती एक लेक मंगल शहाडला दिलेली होती. जावयाचं गोदामातलं काम सुटलं, मग तो कुठेतरी सुरतेकडे गेला आणि परत आलाच नाही. मंगल पोरगी कडेवर घेऊन आईच्या झोपडीत आली. तिला शिक्षण नाही, ओळख नाही. धुण्याभांड्याचं काम मागायला गेली तर लोक आधी राहतेस कुठे विचारायचे, आणि पत्ता ऐकून दार लोटायचे. आईकडे द्यायला एकच गोष्ट होती.

त्या दिवाळीत कडूबाई चौकीवर आली आणि म्हणाली, भाऊ, उद्या कुंडीपाशी या, लेकीला द्यायची हाय. इतकी वर्षं मी साहेब होतो, तेव्हा पहिल्यांदा भाऊ झालो. मी गेलो. पाच-सहा बायका जमल्या होत्या, सगळ्या त्या भागातल्या कुंडीवाल्या. कडूबाईने कुंडीला कुंकू लावलं, मग मंगलला लावलं, तिची ओटी भरली आणि वर आपला आकडा ठेवला. गयाबाईही आली होती. तोंड दुसरीकडे करून उभी राहिली, पण आली. साक्षीला सगळ्या लागतात, नाहीतर ते दिलेलं धरत नाहीत. सोमणांनी गॅलरीतून पाहिलं आणि खाली पेढे पाठवले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ उद्घाटनं पाहिली, मंत्रीही पाहिले. पण त्या सकाळी मला जे बरं वाटलं, तसं पुन्हा वाटलं नाही.

तो नव्वदच्या दशकाचा शेवट होता. पुढच्याच वर्षी घंटागाडी आली.

घंटागाडीला मी नावं ठेवणार नाही. उघड्या कुंड्यांवर डुकरं लोळायची, पावसाळ्यात अळ्या रस्त्यावर यायच्या, तापाच्या साथी पसरायच्या. आमचे नवे आरोग्य अधिकारी तरुण आणि मनापासून काम करणारे होते. कचरा घरातून थेट गाडीत गेला पाहिजे, रस्त्यावर कुंडी दिसता कामा नये, हा त्यांचा ध्यास. ते काही चूक नव्हतं. मी त्यांना भेटून एवढंच विचारलं, की कुंड्यांवर जगणाऱ्या बायकांचं काय? त्यांना अशा बायका आहेत हे माहीतच नव्हतं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे गाड्यांच्या ठेकेदाराला सांगितलं, प्रत्येक गाडीवर यांच्यातली एक बाई घ्या. घरोघरचा कचरा ती गाडीत घेईल, सुकं भंगार निवडून तिने स्वतःला ठेवावं, वर ठेकेदाराने दिवसाचा रोजही द्यावा. माझा जीव भांड्यात पडला. साहेबांच्या केबिनमधून मी जवळजवळ उड्या मारत बाहेर आलेलो.

बायकांना जाऊन सांगितलं. मग कडूबाईने विचारलं, "गाडी कंच्या गल्लीतून जाणार?"

मी सांगितलं. माझ्या भागातली गाडी कडूबाईच्या गल्लीतून निघून वळसा घेत गयाबाईच्या स्टेशनच्या बाजूने बाहेर पडणार होती. वाटेत आणखी तिघींच्या कुंड्या होत्या. म्हणजे एक गाडी, पाच जणींच्या गल्ल्या, आणि बसायला एकीलाच जागा. जी बसेल ती चौघींचा घास काढून घेणार. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या मात्र बोलायच्या आधीच लक्षात आलं.

बायकांनी दोन दिवस आपसात खलबतं केली आणि तोडगा काढला. मला तो इतका सरळ वाटला, की अधिकाऱ्यांना विचारायची गरज आहे असंही वाटलं नाही. पहिल्या सकाळी घंटागाडी मंगलच्या गल्लीच्या तोंडाशी आली. मंगल चढली. घंटा वाजवत गाडी गल्लीभर हिंडली, बायाबापड्या बादल्या घेऊन खाली आल्या, सोमणांनीही स्वतः बादली आणली. मंगल भराभर सुकं वेगळं करत होती. गल्ली संपली तशी ती आपली गोणी घेऊन उतरली. कोपऱ्यावर दुसरी उभी होती, ती चढली. तिची हद्द संपली, ती उतरली आणि तिसरी चढली. सगळ्यात शेवटी गयाबाई. रस्त्यावर कपटाही पडला नव्हता आणि पाचही जणींच्या गोण्या भरल्या होत्या.

ठेकेदाराचा सुपरवायझर डोक्याला हात लावून बसला. "ही काय एस.टी. आहे का?" तो माझ्यावर उखडला. "साहेब, दर स्टॉपला बाई चढणार, बाई उतरणार, मी रोज कुणाला देऊ? हजेरी कुणाची लावू?" मी म्हटलं, रोज पाचांत वाटून दे, त्यांची हरकत नाही. तो म्हणाला, उद्या एखादी चाकाखाली आली तर ती माझी माणूस होती की नव्हती, हे तुम्ही सांगणार का? त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून एकच बाई, कुठलीही एक, नाहीतर कुणीच नाही, असं त्याने सांगून टाकलं.

मी पुन्हा केबिनमध्ये गेलो. पाळीपाळीने घ्या म्हटलं, आठवड्याला एक म्हटलं. ठेकेदाराला रोजचं ठरलेलं माणूस हवं होतं. मी आयच्या बाजारातल्या जागेची गोष्टसुद्धा साहेबांना सांगितली. ते हसले नाहीत, नीट ऐकलं. मग म्हणाले, "तांडेल, भावना मला कळते. पण कचरा कुणाच्या मालकीचा कसा असेल?" आणि पुढे, "कोण बसायला तयार आहे तेवढं विचारा. मी जागा ठेवतो."

मी झोपडपट्टीत गेलो. मला वाटलं होतं, निदान मंगल तयार होईल. तिच्या कडेवर पोर होतं, आईला दिसत नव्हतं, घरात दुसरं कुणी मिळवतं नव्हतं. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, की तू नाही बसलीस तर ठेकेदार बाहेरचा माणूस बसवेल, आणि मग पाचही जणींचं जाईल. एकीचं तरी वाचू दे.

ती म्हणाली, "भाऊ, गयामावशी माझ्या ओटीला उभी होती."

गयाबाईकडे गेलो. ती म्हणाली, कडूच्या पोरीच्या गल्लीत पाय ठेवून मी कुठं तोंड दाखवू? कडूबाईचं तोंड पाहायचं नाही असं जिने आयुष्यभर ठरवलेलं, तिची ही अडचण.

कुणीच बसलं नाही. ठेकेदाराने आपले दोन पोरगे आणले. साहेबांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "मी त्यांना काढलं नाही, तांडेल. त्यांनी नाकारलं." शब्दाशब्दाने ते खरं होतं. आजही ते मला खोटं पाडता येत नाही, आणि गिळताही येत नाही.

मग कुंड्या फोडायचं काम निघालं. आमच्याच खात्याची माणसं घण घेऊन गेली. कडूबाईच्या कुंडीचं सिमेंट जुनं आणि पक्कं, फुटायला वेळ लागला. ती काही बघायला आली नाही, मंगल आली होती. पोरीला घेऊन समोरच्या फुटपाथवर बसली, आणि तुकडे लॉरीत भरून झाल्यावर उठून गेली. आमच्या शहराचं वर्तमानपत्रात कौतुक झालं. सोमणांच्या सोसायटीने कुंडीच्या जागी तुळशीची दोन झाडं लावली.

ठेकेदाराच्या पोरांना निवडायला वेळ नसे. सुकं, ओलं, काच, पिशव्या सगळं एकात एक होऊन कल्याणच्या खाडीकाठच्या डम्पिंगवर जाऊ लागलं. ठाण्याला गेलो की माझा चुलतभाऊ जाळं झटकून दाखवायचा. पूर्वी चार बोंबील निघायचे तिथे दुधाच्या पिशव्या निघायला लागल्या. तुझ्या डोंबिवलीचं दूध लय हाय रे, असं म्हणायचा. मी हसायचो. पण त्या पिशव्या पाहून मला कडूबाईचा आकडा आठवायचा.

कुंडी गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी सोमण चौकीवर आले. तुळशींच्या मधल्या मातीत कुणीतरी हळद-कुंकू वाहून गेलं होतं, आणि नारळ. या वेळी त्यांनी करणी म्हटलं नाही. तक्रार नाही, फक्त सांगायला आलो, म्हणाले. नारळ त्यांनी झाडापाशी तसाच ठेवला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मला डम्पिंगच्या तपासणीला पाठवलं. तिथे कचऱ्याच्या टेकड्या, वर घारी आणि खाली माणसं. डम्पिंगवर कुणाची गल्ली नसते, कुणाची कुंडी नसते. गाडी मागे येऊन कचरा ओतते आणि जो आधी पोचेल त्याचं. एक गाडी रिकामी होत होती. खाली येणाऱ्या कचऱ्यावर बाया-पोरं तुटून पडली. त्यांच्यातल्या दोघी एकाच गोणीला धरून ओढत होत्या, एकीचा पदर दुसरीच्या मुठीत, आणि तोंडाला येतील त्या शिव्या. मी ओरडलो म्हणून दोघींनी वर पाहिलं. मंगल आणि गयाबाई.

मला बघून दोघींच्या हातून गोणी सुटली. मंगलने पदर डोक्यावर घेतला, जसा ती कुंडीपाशी मी आलो की घ्यायची. तेवढ्यात तिसरीच कुणीतरी येऊन गोणी घेऊन गेली, आणि त्या दोघी तशाच उभ्या राहिल्या. कडूबाई कशी आहे, एवढं मी विचारलं. मंगल म्हणाली, घरीच असते, आता काहीच दिसत नाही. मग म्हणाली, बरं हाय.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी चौकीवर लवकर जाऊन बसलो. मुकादमाने चहा आणला, हजेरी झाली, गाड्या निघाल्या. सोमण आले नाहीत. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी मीच त्यांच्या गल्लीत गेलो. सोमण गेटपाशीच उभे होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. आम्ही दोघांनी तुळशींच्या मधे वाकून पाहिलं. ना कुंकू, ना नारळ.

जागा अगदी स्वच्छ होती.